डुशेन आणि स्टिरॉइड: नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो का? (बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या पालकांसाठी)

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू मरत जाणारा जनुकीय आजार, सहाव्या वर्षी कळली. आम्ही खानापूर तालुक्यातले. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते तीन वर्षांत डॉक्टरांना विचारून आणि वाचून वहीत उतरवलेलं आहे.

धाग्याला निमित्त परवाचा एक फोन. चिकोडीकडच्या एका आईचा. तिच्या ५ वर्षांच्या पोराला 'नसांना ताकद येईल' म्हणून सहा महिने इंजेक्शनं चालू आहेत. आणि बेंगळूरुहून लिहून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या कपाटात पडून आहेत, कारण कुणीतरी सांगितलं की स्टिरॉइडनं नसा सुकतात. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात हेच झालं होतं.

आमचा अंगणवाडीत असल्यापासून पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "पोरगं सारखं पडूलालंय बघ, दृष्ट काढ." जमिनीवरून उठायचं झालं की आधी पालथा व्हायचा, चारी हातपाय टेकायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. पोटऱ्या मात्र टणक, भरलेल्या. माझा भाऊ म्हणायचा, तालमीत घालूया, पैलवान होईल. पहिल्या रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं दिसलं म्हणून आठ महिने लिव्हरची औषधं झाली. ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतूनही रक्तात येतात हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. नंतर 'नसा कमकुवत' म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोटऱ्या दाबून बघितल्या आणि सीपीके (स्नायू फाटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) करायला सांगितलं. आलं १८ हजारांच्या वर. साधारण दोनशेच्या आत हवं असतं. मग राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून बेंगळूरु, जनुकचाचणी, आणि जनुकाचे ४५ ते ५० हे एक्सॉन (तुकडे) नाहीत असा रिपोर्ट.

तिथे मी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता: नसा खराब आहेत का?

नाहीत. आमच्या मुलाच्या नसांची तपासणी नॉर्मल आली. सुई घालून केलेल्या ईएमजीत (स्नायूतल्या विजेच्या तपासणीत) दोष दिसला तो स्नायूत. हे समजायला नस आणि स्नायू भेटतात ती जागा डोळ्यापुढे आणावी लागते. नसेचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, मध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट असते. टोकात बारीक पिशव्या, एकेका पिशवीत ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू. निरोप आला की काही पिशव्या फटीत रिकाम्या होतात, पलीकडचे रिसेप्टर ते रसायन धरतात, सोडियम आत शिरतं आणि स्नायू आखडतो. लगेच एक एन्झाइम ते रसायन तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी.

आता पलीकडची बाजू सपाट नसते. उसाच्या रानात सऱ्या-वरंबे असतात ना, अगदी तशी. वरंब्याच्या माथ्यावर रिसेप्टर, त्यांच्याखाली युट्रोफिन नावाचं प्रथिन. सरीच्या तळाशी सोडियमची दारं, आणि तिथेच डिस्ट्रोफिन. सरी खोल असली की थोड्या रसायनातही काम भागतं. निसर्गानं इथे गरजेपेक्षा जास्तीचा साठा ठेवलेला आहे, म्हणून थोडीफार पडझड झाली तरी निरोप चुकत नाही.

डुशेनमध्ये डिस्ट्रोफिनच तयार होत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर, ७९ एक्सॉनचं, माणसाच्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी. हे प्रथिन तंतूच्या आतला सांगाडा बाहेरच्या पापुद्र्याशी बांधून ठेवतं. ते नसलं की स्नायू आखडताना पापुद्रा फाटतो, कॅल्शियम आत घुसतं, तंतू मरतो, तिथे दाह होतो. नवा तंतू उगवतो, तोही मरतो. होता होता जागा चरबी आणि चिवट ऊती घेतात. म्हणजे निरोप निघतो, पोचतोही. ज्याला तो मिळायचा तो तंतूच टिकत नाही.

नस आणि स्नायू भेटतात त्या सांध्याला काहीच होत नाही असं मात्र नाही. १९८४ साली सापडलेला एमडीएक्स नावाचा उंदीर आहे, त्यातही डिस्ट्रोफिन नसतं. निरोगी उंदरात हा सांधा वरून बघितला तर चकलीसारखा सलग दिसतो. एमडीएक्समध्ये त्या चकलीचे तुकडे पडलेले असतात, सऱ्या उथळ झालेल्या असतात. जिवंत उंदरात पुन्हापुन्हा बघितलं तेव्हा दिसलं, की सांधा एरवी सलग राहतो आणि त्याच्याखालचा तंतू मरून नवा येताना एकदम मोडतो. मला इथे सगळं उलगडलं. सांधा मोडणं हा तंतू मरण्याचा परिणाम आहे. नसेला टॉनिक देऊन तो कसा थांबेल?

स्टिरॉइड नेमकं इथे काम करतं. तंतू मेल्यावर जो दाह पेटतो, त्यामागचा एनएफ-कप्पा-बी नावाचा मार्ग ते दाबतं. दाह कमी, म्हणजे तंतू मरण्याचा वेग कमी, म्हणजे सांधे मोडण्याच्या वेळाही कमी. डिस्ट्रोफिन ते आणत नाही. पण पोरगं स्वतःच्या पायानं चालतं ती वर्षं साधारण दोन-तीननं वाढतात, पाठीचा कणा वाकण्याचं प्रमाण घटतं, श्वासाची ताकद जास्त टिकते. दोन-तीन वर्षं म्हणजे आमच्यासाठी चौथी ते सहावी, स्वतः चालत शाळेत.

चिकोडीच्या ताई, वाचत असाल तर कपाटातली चिठ्ठी घेऊन उद्याच डॉक्टरांना फोन लावा.

निपाणीकर७२ | रविवार, रात्री ११.२५

ताई, सऱ्या-वरंब्यांमुळे पहिल्यांदा नीट कळलं. एक शंका. माझ्या आत्याला मायस्थेनिया आहे. संध्याकाळ झाली की पापण्या उतरतात, घास गिळवत नाही. पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटतं. तोही नस-स्नायूच्या सांध्याचाच आजार ना? मग ती गोळी या मुलांना का देत नाहीत? दुसरं, तिला स्टिरॉइड सुरू केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात उलट जास्तच बिघडलं होतं. माझ्या डुशेनवाल्या पुतण्याला आता स्टिरॉइड सुरू करायचंय, वहिनी घाबरल्यात.

भूलतज्ज्ञ_हुबळी | सोमवार, सकाळी ६.५०

मूळचा येळ्ळूरचा, आता हुबळीला भूलतज्ज्ञ आहे. निपाणीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण हे दोन आजार वेगवेगळ्या घरचे.

मायस्थेनियात शरीराचीच प्रतिपिंडं त्या वरंब्यावरच्या रिसेप्टरांवर हल्ला करतात. रिसेप्टर कमी पडतात, म्हणून ॲसिटिलकोलीन फटीत जास्त वेळ टिकवणारी गोळी उपयोगी पडते. डुशेनमध्ये रसायनाचा तुटवडाच नाही. ती गोळी देऊन तंतू वाचणार नाही, पोटात कळा आणि जुलाब तेवढे होतील. आत्याच्या डब्यातली गोळी पोराला देऊ नका.

स्टिरॉइडनं पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात मायस्थेनिया वाढू शकतो, हे खरं आहे. म्हणून तिथे कमी मात्रेपासून चढतात किंवा दवाखान्यात ठेवून सुरू करतात. प्रयोगशाळेत स्टिरॉइडचं प्रमाण खूप वाढवलं तर ते रिसेप्टरच्या मार्गिकेवर थेट परिणाम करतं, ती कमी वेळ उघडी राहते. मायस्थेनियात साठा आधीच संपत आलेला असतो, त्यामुळे असा छोटा धक्काही जाणवू शकतो. डुशेनच्या मुलात हा साठा बराच शाबूत असतो, आणि सुरुवातीला अशी घसरण हे तिथलं नेहमीचं चित्र नाही. वहिनींना सांगा, आत्याचा अनुभव पुतण्याला लागू करू नका.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. सांध्याचा प्रश्न या मुलांत सगळ्यात तीव्र होऊन येतो तो भूल देताना. हर्निया, अपेंडिक्स, मोडलेला हात, काहीही असो. सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू सैल करणारं औषध आहे. ते ॲसिटिलकोलीनसारखंच रिसेप्टरवर बसतं आणि स्नायूला एकदम उत्तेजित करतं. डुशेनच्या दुबळ्या पापुद्र्यातून मग पोटॅशियम रक्तात सांडतं आणि हृदय टेबलावरच बंद पडू शकतं. निदान न झालेल्या मुलांचे असे मृत्यू झाले, म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेच्या औषध नियामकानं त्यावर ठळक इशारा छापायला लावला. हे औषध या मुलांना द्यायचं नाही. भुलीचे वायूही टाळतात, शिरेतून प्रोपोफॉल वगैरे देऊन काम करतात. रोक्युरोनियमसारखी दुसऱ्या प्रकारची औषधं चालतात, पण असर उशिरा येतो आणि बराच वेळ उतरत नाही. जेंटामायसिनच्या कुळातली अँटिबायोटिक्स या सांध्यावरचा निरोप आणखी मंद करतात, तेही लक्षात ठेवावं लागतं.

आणि जो मुलगा रोज स्टिरॉइड घेतो त्याला शस्त्रक्रियेच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टिरॉइड जादा द्यावं लागतं. का, ते दुसरं कुणी अनुभवानं सांगेल.

अथणीकर_बाबा | सोमवार, दुपारी १.१५

मी सांगतो. माझा १२ वर्षांचा. चार वर्षं गोळ्या चालू. चेहरा गोल झाला, पोट सुटलं, उंची खुंटली. वर्गातली पोरं त्याला एका नावानं हाक मारायची, ते नाव मी इथं लिहिणार नाही. एक दिवस घरी येऊन म्हणाला, बाबा मला ही गोळी नको. मला बघवलं नाही. त्याच दिवशी गोळी बंद केली बघा. कुणाला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वांती. दुपारपर्यंत अंग गार, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटायचा. मोटारसायकलवर मध्ये धरून नेलं, बायको मागं त्याची मान धरून बसली होती. बीपी लागंना. पहिल्या ठिकाणी सलाईन लावून उलटीचं औषध दिलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरनं विचारलं, कुठली गोळी चालू होती? बायकोनं पिशवीतनं रिकामी पट्टी काढून दाखवली. ती पट्टी तिनं बरोबर घेतली म्हणून माझा पोरगा आज आहे. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर तासाभरात त्यानं पाणी मागितलं.

डॉक्टरनी नंतर समजावलं. आपल्या किडनीवर टोपीसारख्या ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं स्टिरॉइड करतात. बाहेरनं गोळी मिळत राहिली की त्या कामच थांबवतात. एकदम गोळी काढली की शरीरात काहीच उरत नाही. बंद करायचीच असेल तर डॉक्टर आठवडे-महिने लावून थोडी थोडी उतरवतात. ताप, जुलाब, अपघात असला तर उलट वाढवतात. गोळी उलटून पडली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

आता आमचं कमी मात्रेवर चालू आहे. शाळेत जाऊन वर्गापुढं मी आणि हेडसर बोललो. नाव बंद झालं.

मलप्रभाकाठ | सोमवार, दुपारी ४.३०

अथणीकर, वाचताना हात थरथरले. पट्टीची गोष्ट प्रत्येक घरात सांगितली पाहिजे.

हुक्केरीची_लेक | सोमवार, रात्री ९.०५

माझ्या भाचीच्या मुलाची याच आजारासाठी तपासणी चालू आहे सध्या. घरात सगळे म्हणतात, मामाला दिली म्हणून असं झालं. सासरचे तर तिलाच बोलतात. खरंच नात्यातल्या लग्नानं होतं का? आणि एक, स्टिरॉइडनं स्नायू झिजतात असंही ऐकलंय. मग झिजणाऱ्या स्नायूला तेच औषध कसं?

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री १०.२०

ताई, डुशेन असेल तर नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. दोष आईच्या एका एक्स गुणसूत्रावर असू शकतो. मुलाला एकच एक्स मिळतो आणि तो आईकडूनच, म्हणून आजार मुलग्यांत दिसतो. साधारण तिघांतल्या एका मुलात तर आईतही दोष नसतो, बदल नव्यानेच झालेला असतो. डुशेनसारखेच दिसणारे स्नायूंच्या आजाराचे काही लिंब-गर्डल नावाचे प्रकार आहेत, त्यांत दोष आई-वडील दोन्हीकडून यावा लागतो, आणि तिथे मामा-भाचीच्या लग्नानं शक्यता वाढते. म्हणून जनुकचाचणी झाल्याशिवाय कुणावर खापर फोडू नये. खरं तर झाल्यावरही नाही.

मी वाहक निघाले, म्हणजे दोष माझ्या एका एक्सवर आहे. सासूबाईंना सांगायला दोन दिवस लागले मला. त्यांनी ऐकलं, चुलीपुढून उठल्या, माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "तू का मुद्दाम दिलीस व्हय त्याला?" त्यानंतर या घरात तो विषय निघाला नाही. वाहक आईनं स्वतःच्या हृदयाचा इको अधूनमधून करावा, तिच्या बहिणींनीही चाचणी करावी. माझ्या धाकट्या बहिणीची झाली, ती वाहक नाही.

दुसरा प्रश्न फार चांगला. निरोगी माणसाला खूप दिवस जास्त स्टिरॉइड दिलं तर स्नायू खरंच झिजतात, विशेषतः झपकन आखडणारे, ज्यांना टाइप २ म्हणतात ते तंतू. डुशेनमध्येही तो तोटा होतोच. पण दाहामुळे होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं, म्हणून बेरीज फायद्याकडे झुकते. पेशींवरच्या प्रयोगांत स्टिरॉइडनं युट्रोफिन वाढल्याचंही दिसलं आहे. ते डिस्ट्रोफिनचं चुलत भावंड, वरंब्यावरचं. मुलाच्या अंगात मात्र आपण मोजायचं ते चालणं, जिने आणि श्वास.

मात्रेचं बोलायचं तर प्रेडनिसोलोन दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम रोज, डेफ्लाझाकोर्ट ०.९ मिलिग्रॅम रोज, ही नेहमीची सुरुवात. २० किलोच्या पोराला म्हणजे डेफ्लाझाकोर्टच्या ६ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. काही ठिकाणी दहा दिवस देऊन दहा दिवस थांबायची पद्धत होती. २०२२ साली १९६ मुलांवरचा तीन वर्षांचा अभ्यास छापून आला, त्यात रोज देणं सरस ठरलं. डेफ्लाझाकोर्टनं वजन कमी वाढतं, उंची मात्र जास्त खुंटते. वॅमोरोलोन नावाच्या नव्या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तुमच्या मुलाला काय आणि किती हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आमच्या घरी गोळी सकाळी नाष्ट्यानंतर. लोणचं-पापड बंद, कुंदा सणापुरता, आणि तोही चमचाभर. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी मोतीबिंदूसाठी, मणक्याच्या हाडांसाठी डेक्सा स्कॅन, ड जीवनसत्त्व. आणि सुरू करण्याआधी कांजिण्यांची लस. ती आमची राहिली होती, पुढे वर्गात कांजिण्यांची साथ आली तेव्हा पंधरा दिवस त्याला घरी ठेवावं लागलं.

फिजिओ_टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ८.१०

छान चर्चा. माझ्याकडून दोनच गोष्टी. 'स्नायूला ताकद' म्हणून वजन उचलायला, उठाबशा काढायला लावू नका. ताणत ताणत आखडणाऱ्या हालचाली, म्हणजे जिना उतरणं, उतारावरून पळणं, यांत पापुद्रा जास्त फाटतो. शाळेत वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली मागून घ्या. पाण्यात खेळणं चांगलं. टाच रोज ताणा, रात्री स्प्लिंट. मालिशवाल्यांकडे जोरानं रगडून घेऊ नका, माझ्याकडे त्यानंतर सुजलेल्या पोटऱ्या येतात.

निपाणीकर७२ | मंगळवार, दुपारी १२.४०

वहिनींना भूलतज्ज्ञ सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. कालपासून पुतण्याची गोळी सुरू झाली. कागदपत्रांसाठी कुणाला हवं असेल तर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातही डुशेन आहे. फॉर्म कन्नडमध्ये असतो, मी भरून देईन, निरोप टाका.

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ९.५०

भूलतज्ज्ञ दादा, तुमचं वाचून आज एक कार्ड तयार केलं. लॅमिनेट करून दप्तराला अडकवणार, एक यांच्या पाकिटात, एक शाळेत हेडबाईंकडे. आमच्याकडे रात्री-अपरात्री गाडी बेळगावला जाईल की धारवाडला, सांगता येत नाही, म्हणून मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही. मराठी मजकूर असा:

"मला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मी रोज डेफ्लाझाकोर्ट घेतो. गोळी एकदम बंद करू नका. उलट्या, मोठा ताप, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर हायड्रोकॉर्टिसोन लागेल. सक्सिनिलकोलीन देऊ नका. भुलीचे वायू टाळा. ऑक्सिजन लावला तर कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवा. एसजीपीटी वाढलेलं स्नायूंमुळे आहे."

कन्नड मी असं लिहिलंय: "स्टिरॉइड गुळिगे ओम्मेले निल्लिसब्याड्री. सक्सिनिलकोलीन कोडब्याड्री." बरोबर आहे का, कुणी बघेल का?

भूलतज्ज्ञ_हुबळी | मंगळवार, रात्री १०.३०

मजकूर बरोबर. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत सक्सिनिलकोलीनची ओळ घ्या. घाईत पहिलीच ओळ वाचली जाते. वजन आणि सध्याची मात्रा पेन्सिलीनं लिहायला जागा सोडा, सहा महिन्यांनी बदलेल.

अथणीकर_बाबा | मंगळवार, रात्री १०.४५

ताई, 'ब्याड्री' हे आपण बोलताना म्हणतो. कार्डावर 'निल्लिसबेडी', 'कोडबेडी' असं लिहा, म्हणजे बेंगळूरुच्या माणसालाही चालेल. कन्नड अक्षरांत मी लिहून फोटो पाठवतो. दोन प्रती जादा काढा, एक माझ्या पोरासाठी.